उत्तर पान उलटल्यावर

शाळेत बुद्धिबळाचे पट येतात, शिकवणारा मात्र बहुधा येत नाही. अशा वेळी शिक्षकाला हमखास सुचवले जाणारे एक इंग्रजी पुस्तक म्हणजे 'बॉबी फिशर टीचेस चेस'. बॉबी फिशर, स्टुअर्ट मार्गुलीस व डॉन मोसेनफेल्डर या तिघांच्या नावावर ते १९६६ साली अमेरिकेत निघाले. पुढे १९७२ साली रेक्याविक येथे स्पास्कीला हरवून फिशर जगज्जेता झाला आणि पुस्तकाचे भाग्य उजळले. केवळ नावावर खपणारे हे पुस्तक नव्हे. पण त्यातून नेमके काय शिकता येते आणि काय नाही, हे वर्गात नेण्यापूर्वी पाहिले पाहिजे.

पुस्तकाची रचना स्किनर यांनी १९५० च्या दशकात पुढे आणलेल्या स्वयंअध्ययन पद्धतीची आहे. एक आकृती, एक लहानसा प्रश्न, आणि उत्तर पान उलटल्यावर. उजवीकडची पाने वाचत शेवटापर्यंत जायचे, मग पुस्तक उलटे धरून उरलेली पाने वाचत परत यायचे. मजकूर इतका थोडा आहे की मराठी माध्यमातल्या सातवीच्या मुलालाही इंग्रजीची अडचण येऊ नये.

विषय एकच: मात. त्यातही भर शेवटच्या ओळीवरील मातीवर. किल्लेकोट केलेला काळा राजा आपल्या तीन प्याद्यांच्या मागे सुरक्षित बसलेला दिसतो. पांढरा हत्ती त्या ओळीत उतरून शह देतो. राजाला पुढे सरकायला त्याचीच प्यादी जागा देत नाहीत, बाजूची घरे हत्तीच्या माऱ्यात. मात! मग पुस्तक एक-एक अडचण वाढवत नेते. ओळीवर काळ्याचा हत्ती पहारा देत असेल तर? पांढरा वजीर तेथे जाऊन बळी जातो, पहारेकरी हत्ती त्याला मारतो, आणि मागून आलेला पांढरा हत्ती त्याला मारून मात करतो. वजीर देऊन डाव जिंकता येतो हे नवख्या मुलाला इतक्या लवकर पटवून देणारे दुसरे पुस्तक आमच्या पाहण्यात नाही.

ही पुनरावृत्ती कंटाळवाणी वाटली तरी तिला शास्त्रीय आधार आहे. चेस आणि सायमन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खेळाडूंना खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवून ती पुन्हा मांडायला सांगितले. निष्णात खेळाडूने नवख्यापेक्षा कितीतरी अधिक मोहरे बरोबर मांडले. तेच मोहरे पटावर कसेही विखुरले, तेव्हा त्याचे वर्चस्व जवळजवळ नाहीसे झाले. म्हणजे निष्णाताची स्मरणशक्ती अचाट नसते. त्याच्याजवळ ओळखीच्या रचनांचा साठा असतो. फिशरचे पुस्तक त्या साठ्यातली एक रचना मनात पक्की बसवते.

दोष येथूनच सुरू होतो. काही ठिकाणी 'मात होते का?' असे विचारले आहे खरे, परंतु प्रकरणाचे नावच अर्धे उत्तर सांगून जाते. प्रत्यक्ष डावात 'आता मात शोध' असे कानात सांगणारे कोणी नसते. ती वेळ आली आहे हे ओळखणे हेच निम्मे कौशल्य, आणि नेमके तेच येथे शिकवलेले नाही. लिचेस या २०१० साली सुरू झालेल्या विनामूल्य संकेतस्थळावर लाखो कोडी आहेत व ती सरमिसळ करून येतात, हे बरे. पण तेथेही कोड्याला उत्तर असणार याची खात्री आधीच असते.

दुसरी उणीव आम्हांला अधिक गंभीर वाटते. नवशिक्याला धडकी भरू नये म्हणून पुस्तकाने चाली लिहिण्याची पद्धत टाळली आहे. परिणामी पुस्तक संपवलेले मूल स्वतःचा डाव लिहू शकत नाही आणि दुसऱ्याचा वाचू शकत नाही. प्रयोगवहीशिवाय प्रयोग करण्यासारखेच हे! सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळासारख्या संस्थांनी भाऊसाहेब पडसलगीकरांसारख्या कार्यकर्त्यांच्या बळावर वर्षानुवर्षे स्पर्धा भरवल्या. तशा स्पर्धांत प्रत्येक डाव कागदावर उतरवला जातो. हरलेला आणि जिंकलेला खेळाडू तो कागद मध्ये ठेवून पुन्हा पट मांडतात, तेव्हा जे शिक्षण होते ते एकट्याने पाने उलटून होत नाही.

बुद्धिबळाने गणित सुधारते, हे कारण पुढे करून पुस्तके व शिकवण्या विकल्या जातात, म्हणून एक नोंद. इंग्लंडमध्ये शंभर प्राथमिक शाळांत नऊ-दहा वर्षांच्या मुलांना घेऊन याची नीट तपासणी झाली. निम्म्या शाळांत वर्षभरात तीस तास बुद्धिबळ शिकवले. २०१६ सालच्या अहवालानुसार वर्षभरानंतर या मुलांच्या गणितात इतरांच्या मानाने काहीही फरक आढळला नाही. बुद्धिबळ शिकवायचे ते बुद्धिबळासाठीच. गुणपत्रिकेचा आधार त्याला घेऊ नये.

तेव्हा पुस्तक घ्यावे, पण पहिली दोन प्रकरणे झाली की बाजूला ठेवावे. एक तास पटाच्या उभ्या आठ पट्ट्यांना अक्षरे आणि आडव्या आठ ओळींना अंक देण्यात घालवावा. आलेख काढणाऱ्या मुलांना हे लगेच समजते. त्यानंतरचा प्रत्येक डाव वहीत लिहिला जावा. मग पुस्तकातल्या दहा आकृत्या घेऊन प्रत्येकीत एखादा पहारेकरी असा वाढवावा की मात होणार नाही. हे काम मुलांनीच करावे. मूळच्या दहा आणि बदललेल्या दहा अशा वीस आकृत्या मिसळून दुसऱ्या तुकडीपुढे ठेवाव्यात, आणि कोणतीही सूचना न देता फक्त 'पांढऱ्याची चाल' एवढेच सांगावे.