भांड्याकुंड्यांतले शुभवर्तमान

धर्मग्रामांच्या सणांच्या स्मरणिका, नाताळ-विशेषांक आणि आपली ख्रिस्ती नियतकालिके यांतून एक लेखनप्रकार आता चांगलाच स्थिरावला आहे. त्याला कोणी नाव दिलेले नाही. सोयीसाठी आपण त्याला ‘घरकामाचे चिंतन’ म्हणू. लेखिका (ती बहुधा लेखिकाच असते) तांदूळ निवडीत बसलेली असते. सुपातला खडा हाती लागतो आणि तिला आपल्या अंतःकरणातील पाप आठवते. दुसरी कोणी चर्चमधील बाक पुसताना मनावरची धूळ पाहते. तिसरीला वेदीवरच्या विझू लागलेल्या मेणबत्तीत स्वतःचे आयुष्य दिसते. शेवटच्या परिच्छेदात प्रभूला उद्देशून दोन ओळींची प्रार्थना असते आणि लेख संपतो.

या लेखनाची थट्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. मराठी ख्रिस्ती समाजात धर्मचिंतन लिहिणे हे दीर्घकाळ आम्हां झग्यावाल्यांचेच काम समजले जाई. सेमिनरीत शिकलेली भाषा आम्ही प्रवचनात वापरीत होतो आणि तीच कागदावर उतरवीत होतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीचा आदेश प्रसिद्ध केला. त्याचे पडसाद आपल्या गावांत पोहोचण्यास वेळ लागला. परंतु पोहोचले, तेव्हा ज्यांच्या हाती केरसुणी आणि विळी होती त्यांनी लेखणी धरली. ही घटना लहान नाही, आणि म्हणूनच या लेखनाकडे कौतुकाच्या पलीकडे जाऊन पाहिले पाहिजे. केवळ कौतुक करणे हाही उपेक्षेचाच एक प्रकार असतो.

आमचा पहिला आक्षेप असा, की या लेखांना कामाविषयी फारसे कुतूहल नसते. तांदळातल्या खड्याऐवजी मुगातला खडा घातला, केरसुणीऐवजी पोछा घातला, तरी लेखात काहीही बदलत नाही. काम हे पायरीसारखे वापरलेले असते. पाय देऊन वर चढायचे आणि मागे वळून पाहायचे नाही. एकदा बोध हाती आला, की तांदूळ कोणाला शिजवायचे होते, घरी पाहुणे किती होते, रेशनचा तांदूळ होता की शेतातला, याची लेखिकेला चौकशी उरत नाही.

प्रभू येशूच्या दृष्टान्तांशी ताडून पाहिले म्हणजे हा फरक स्पष्ट होतो. लूकच्या पंधराव्या अध्यायातील स्त्रीची दहांपैकी एक मुद्रा हरवते. ती आधी दिवा लावते, मग घर झाडते. हा क्रम महत्त्वाचा आहे. पॅलेस्टाइनमधील गरिबांची घरे अंधारी आणि मातीच्या जमिनीची असत. दिव्यावाचून झाडण्याला अर्थ नव्हता. सांगणाऱ्याने असे घर आतून पाहिलेले आहे. मत्तयच्या तेराव्या अध्यायात एक स्त्री तीन मापे पिठात खमीर मिसळते. तीन मापे म्हणजे शंभराहून अधिक माणसांना पुरेल एवढे पीठ! ऐकणाऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिले असेल: एवढे पीठ एकटी कशी मळणार? दृष्टान्ताचा अर्थ त्या आश्चर्यातून उमलतो. खमीर म्हणजे अमुक आणि पीठ म्हणजे तमुक, अशी यादी तेथे दिलेली नाही. (पेरणाऱ्याच्या आणि निदणाच्या दृष्टान्तांचे स्पष्टीकरण शुभवर्तमानात आहे, हे आमचे सुज्ञ वाचक दाखवून देतील. आहे, पण ते अपवाद आहेत, आणि तेही शिष्यांनी विचारल्यावर दिलेले आहेत.)

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या लेखांत काम एकदाच घडते. प्रत्यक्षात घरकामाचा स्वभावच असा, की ते संपत नाही. सकाळी घासलेली भांडी दुपारी पुन्हा खरकटी होतात. सणाच्या आदल्या दिवशी झाडलेले चर्चचे आवार दुसऱ्या दिवशी फटाक्यांच्या कागदांनी भरलेले असते. पहिल्या दिवशी खड्यात पाप दिसेल. परंतु तीनशेव्या दिवशी काय दिसते? श्रद्धेची खरी परीक्षा त्या तीनशेव्या दिवशी असते आणि नेमका तोच दिवस आमच्या लेखिका गाळतात.

तो दिवस ज्याने गाळला नाही असा एक साधू सतराव्या शतकात पॅरिसमध्ये होऊन गेला. निकोला हेर्मां हे त्याचे मूळ नाव. लॉरेन प्रांतातला हा माणूस आधी शिपाई होता. युद्धात जखमी होऊन त्याचा पाय अधू झाला. पुढे तो एका घरी नोकर होता, आणि १६४० साली पॅरिसच्या कार्मेल मठात साधा बंधू म्हणून दाखल झाला. तोच बंधू लॉरेन्स. त्याला स्वयंपाकघरात नेमले गेले आणि सुमारे पंधरा वर्षे त्याने तेथे काढली. मुळात त्याला स्वयंपाकाची नावड होती. ही गोष्ट त्याच्यावरील प्रवचनांत सहसा सांगितली जात नाही; आम्हांला मात्र तीच त्याच्या चरित्राची किल्ली वाटते. मठासाठी द्राक्षारस आणायला त्याला बर्गंडीला पाठवीत, तेव्हा अधू पायामुळे नावेवर चालता येत नसल्याने तो पिंपांवरून लोळत पुढे सरके. व्यवहार आपल्याला कळत नाही हेही त्याला ठाऊक होते.

‘देवाच्या सान्निध्याचा अभ्यास’ या आशयाच्या नावाने जगभर वाचले जाणारे त्याचे पुस्तक वस्तुतः त्याने लिहिलेच नाही. १६९१ साली तो वारल्यावर जोझेफ द बोफोर या धर्मगुरूने त्याची पत्रे, टिपणे आणि त्याच्याशी झालेली संभाषणे संपादित करून प्रसिद्ध केली. बंधू लॉरेन्स कढईतून कोणताही धडा काढीत नाही. अंडे तव्यावर उलटताना अंड्याचा अर्थ तो शोधीत नाही. ते देवासाठी उलटतो, एवढेच. कढई ही त्याच्या लेखी कशाचे प्रतीक नाही. ती फक्त देव जेथे भेटतो ती जागा आहे. आमच्या विवेचनाचा सारा भर या एका भेदावर आहे: काम हे चिन्ह मानणे वेगळे आणि काम हे भेटीचे स्थान मानणे वेगळे. चिन्हाचा अर्थ कळला की चिन्ह टाकून देता येते. स्थान सोडले तर भेट होत नाही.

लिझ्यूच्या संत तेरेजाचे आत्मकथन तिच्या मृत्यूनंतर बरोबर एका वर्षाने, ३० सप्टेंबर १८९८ रोजी प्रसिद्ध झाले. त्यातील मठाच्या धुण्याचा प्रसंग अनेकांना आठवत असेल. समोर उभी राहून रुमाल धुणारी भगिनी प्रत्येक आपटण्याबरोबर तेरेजाच्या तोंडावर घाण पाणी उडवीत असते. मागे सरून ठळकपणे तोंड पुसावे, म्हणजे समोरचीला समजेल, ही तिची पहिली ऊर्मी. तिने ती आवरली. येथवरची कथा कोणीही उपदेशक सांगेल. तेरेजाचे वेगळेपण तिच्या विनोदात आहे. त्या घाण पाण्याला ती जणू तीर्थाच्या सिंचनाचा नवा प्रकार ठरवते आणि पुढच्या वेळीही त्याच भाग्यशाली जागी यायचे असे योजते! हे लिहिताना क्षयाने ती मृत्यूच्या दारी होती. तिला १९९७ साली धर्मपंडित ही पदवी मिळाली, तिच्या मुळाशी असल्या धुणी-भांड्यांच्या गोष्टीही आहेत, हे सेमिनरीत ईश्वरज्ञान शिकलेल्या आम्हां मंडळींनी विसरू नये. आमच्या घरकाम-चिंतनांत हा विनोद औषधालाही सापडत नाही. ती सगळी फार गंभीर असतात, आणि फार लवकर शहाणी होतात.

मराठीत तर या वाटेने जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल दळू लागतो, केर भरतो. तेथे भक्त जात्यावरून उठून देवाकडे जात नाही. देवच जात्यापाशी येऊन बसतो. आपण ख्रिस्ती वाचकांनी येथे योहानचा एकविसावा अध्याय आठवावा. पुनरुत्थित प्रभू तिबिर्याच्या किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव पेटवून मासे भाजतो आणि रात्रभर राबून आलेल्या कोळ्यांना न्याहारीला बोलावतो. दोन्ही परंपरांचा विचार एकच आहे असा आमचा दावा नाही. मात्र देवाच्या हाताला काजळी लागली तर त्याचे देवत्व उणावत नाही, हे जनाबाईच्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ सालापासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाई आपल्या पंथाच्या नव्हत्या. तरीही मराठीत श्रद्धा आणि स्वयंपाकघर यांचा संबंध त्यांच्याइतका खोलवर कोणीच पाहिलेला नाही, असे आमचे मत आहे. त्यांचे बालपण सोवळ्याने पछाडलेल्या वडिलांच्या घरी गेले. मिठासारखी वस्तूही तेथे धुऊन घेतली जाई. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर पतिपत्नी काही वर्षे दुरावली, आणि पुन्हा एकत्र आली तेव्हाही लक्ष्मीबाईंचे पाणी आणि चूल वेगळीच होती. त्यांचे मन पालटले ते कोणाच्या व्याख्यानाने नव्हे. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, या रोजच्या प्रश्नावर विचार करता करता, हे भेद देवाने केलेले नसून माणसाने केले आहेत, या निर्णयापर्यंत त्या आल्या. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला; परंतु अर्धी वाट त्यांनी पाण्याच्या भांड्यापाशीच ओलांडली होती.

हा प्रसंग आपल्या लेखनप्रकाराची मोठी उणीव उघडी पाडतो. लक्ष्मीबाईंचे स्वयंपाकघर आपोआप पवित्र नाही. तेथे अन्याय आहे, भेद आहे; तो ओळखल्यावाचून तेथे देव भेटत नाही. आमच्या चिंतनांत मात्र काम नेहमी गोड असते. दमलेल्या बाईला तिच्या दमण्यातच धडा आहे असे सांगितले, की बाकीच्यांना उठून तिला हात देण्याची गरज उरत नाही. अशा वेळी अध्यात्म हे आळशांच्या सोयीचे होते. हे घरात घडते, तसेच चर्चमध्येही घडते.

चर्चमधील सेवेविषयी लिहिताना तर आमची लेखणी अधिकच मऊ होते. वास्तविक ख्रिस्तसभेतील पहिले गाऱ्हाणे वाढण्यावरूनच झाले. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक भाषिक विधवांकडे रोजच्या अन्नवाटपात दुर्लक्ष होत असल्याची तक्रार आहे, आणि प्रेषितांनी त्यांना सहनशीलतेवर प्रवचन दिले नाही. सात माणसे नेमली. मार्च २०१८ मध्ये ‘लोसेर्वातोरे रोमानो’ या व्हॅटिकनच्या वृत्तपत्राच्या स्त्रीविषयक पुरवणीने, बिशप आणि कार्डिनल यांच्या घरी रांधणाऱ्या-झाडणाऱ्या व्रतस्थ भगिनींना नगण्य मोबदला मिळतो वा मिळतच नाही, हे छापले. ‘सेवा’ हा शब्द कोठे कोठे पांघरूण म्हणून वापरला जातो हे रोमच्याच छापखान्यातून बाहेर आले, याचे आम्हांला समाधान वाटले. जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही पदे स्त्रियांना विधिवत खुली केली. आपल्या धर्मग्रामांत सणाच्या समितीची नावे ध्वनिक्षेपकावरून कोणाची घेतली जातात आणि मांडवाखालच्या खुर्च्या पुसणाऱ्यांची नावे कोणाला ठाऊक असतात, हे वाचकांनी स्वतःच ताडून पाहावे.

मार्थेच्या कथेचे आपण फार नुकसान केले आहे. लूकच्या दहाव्या अध्यायातील तिची तक्रार आपल्या लक्षात राहते. पण योहानच्या अकराव्या अध्यायात येशू हाच ख्रिस्त, देवाचा पुत्र असल्याची कबुली तीच देते, हे आपण विसरतो. बाराव्या अध्यायात ती पुन्हा वाढते आहे. या वेळी तक्रार नाही, आणि कोणी तिला बसायलाही सांगत नाही. आविलाच्या संत तेरेजाने आपल्या मठवासिनींना बजावले होते, की प्रभूचा पाहुणचार करायचा तर मार्था आणि मरिया दोघी एकत्र हव्यात. त्याच तेरेजाने देव स्वयंपाकघरातील भांड्यांतूनही वावरतो असे त्यांना सांगितले.

घरकामाच्या चिंतनाला वाव नाही असे आम्ही म्हणत नाही. उलट उत्तम विषय अस्पर्श पडून आहेत. एकच सांगतो. मिस्सात वापरलेली वस्त्रे, म्हणजे कॉर्पोरल आणि प्याला पुसण्याचे वस्त्र, धुण्याची एक रीत आहे. पहिल्यांदा ती हाताने पाण्यात खळबळावयाची, आणि ते पाणी गटारात न सोडता त्यासाठीच्या कुंडात किंवा योग्य जागी मातीत ओतावयाचे. त्यानंतरच ती नेहमीप्रमाणे धुवावयाची. २००४ साली रोमने एका सूचनापत्रात ही रीत पुन्हा आवर्जून सांगितली. ख्रिस्तशरीराविषयीची आपली संपूर्ण श्रद्धा त्या एका बादलीत आहे. तिला रूपकाची गरज नाही, वर बोध चिकटवण्याची तर नाहीच. अनेक धर्मग्रामांत एखादी बाई वर्षानुवर्षे हे काम करीत असते. पाणी कोठे ओतते, पावसाळ्यात वस्त्रे कोठे वाळवते, इस्त्रीची घडी नऊ चौकटींची कशी पाडते आणि हे तिला कोणी शिकवले, हे तिने लिहावे. आमच्या वाचनात असा लेख अद्याप आलेला नाही.