झुरळाची साक्ष

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटावर पुष्कळ लिहिले गेले. बहुतेक चर्चा न्यायालयातील दिरंगाई आणि विसंगती यांभोवतीच फिरली. मला मात्र हा चित्रपट मुळात एका कामगाराच्या मृत्यूचा वाटतो. आणि त्या मृत्यूकडे आपल्या समीक्षेने पुरेसे पाहिले नाही, अशी माझी तक्रार आहे.

मुंबईच्या गटारात उतरणारा वासुदेव पवार मरतो. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्याने त्याला आत्महत्येस प्रवृत्त केले, असा सरकारी पक्षाचा आरोप. सारा खटला गाण्यावर चालतो. ज्यांनी त्याला साधनांवाचून खाली सोडले, ते आरोपीच्या पिंजऱ्यात नाहीत. शब्द धोकादायक ठरतात, गटार नाही!

त्याची विधवा साक्ष देते. नवऱ्याला सुरक्षेची साधने मिळत नसत. विषारी वायूने त्याचा एक डोळा गेला होता. घाण सोसावी म्हणून तो दारू पिई. उतरण्यापूर्वी गटारात खडा टाकी. झुरळे बाहेर आली तर उतरे. हा प्रसंग मी वर्गात दाखवला, तेव्हा एक विद्यार्थी म्हणाला, “सर, आमचे चुलते काडी ओढून बघायचे.” वर्गात कोणी हसले नाही.

ही पिढ्यांनी मरणातून गोळा केलेली विद्या आहे. पण ती फसवी आहे. माणूस गुदमरेल इतक्या कमी प्राणवायूत झुरळ तगते. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. मिथेन साचला असेल, तर ओढलेली काडीच स्फोट घडवते. वायुमापक यंत्र उपलब्ध असलेल्या काळात माणसाने झुरळाच्या साक्षीवर जगावे, हा अडाणीपणा कामगाराचा नव्हे, व्यवस्थेचा आहे.

चित्रपटाचे मोठेपण या साक्षीत आहे आणि मर्यादाही तिथेच आहे. कॅमेरा वकिलांच्या आणि न्यायाधीशांच्या खाजगी आयुष्यात मुक्कामाला जातो. कामावरचा वासुदेव मात्र आपल्याला दिसत नाही. वकील पैसे देऊ करतो, तेव्हा विधवा काम मागते. तिचे माणूसपण त्या मागणीत उभे राहते, पण तिच्यामागून चित्रपट जात नाही.

वासुदेवचा मृत्यू ही केवळ पडद्यावरची गोष्ट नाही, म्हणून कायद्याकडेही पाहिले पाहिजे. १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा झाला. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी २०१४ मध्ये दहा लाख आणि २०२३ मध्ये तीस लाख रुपये भरपाई ठरवली. परंतु २०१३ च्या कायद्याच्या व्याख्येत ‘धोकादायक सफाई’ म्हणजे सुरक्षा-साधने न देता व खबरदारी न घेता करवलेली सफाई. म्हणजे मुखवटा, पट्टा, प्राणवायूची नळी दिली की माणूस उतरवायला वाट मोकळी!

साधने आज हवीतच, कारण आजही माणूस उतरतो आहे. वायू मोजल्याशिवाय, वर दोर धरणारा असल्याशिवाय कोणीही उतरू नये, हे कार्यकर्त्यांनी ठणकावून सांगितले पाहिजे. पण मागणी तिथे थांबली, तर आपण सुरक्षित गटार मागू आणि त्यात उतरणारी जात तशीच ठेवू. यंत्र उतरावे, माणूस वर राहावा, आणि त्या यंत्राच्या चालकाची जात आधीच ठरलेली नसावी. साहित्याने व चित्रपटाने हा प्रश्न विचारला पाहिजे. ‘कोर्ट’ त्याच्या दाराशी येऊन थांबतो.