दुधाच्या पेल्यातले चेर्नोबिल

स्वेतलाना अलेक्सिएविच यांच्या ‘चेर्नोबिलची प्रार्थना’ या पुस्तकाविषयी उणे बोलायला जीभ रेटत नाही. १९९७ साली ते प्रसिद्ध झाले, २०१५ साली लेखिकेला नोबेल पारितोषिक मिळाले. आणि ज्याने ते वाचले, तो आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढून आल्यासारखा गप्प होतो. हे पुस्तक थोर आहे, यात शंका नाही. तरी माझी एक तक्रार आहे. ती फराळाच्या ताटाशेजारी मांडावी लागते याचा संकोच वाटतो, कारण ती लहान मुलांच्या दुधाविषयी आहे.

पुस्तकात माणसे एकामागून एक आपली कहाणी सांगतात. आरंभी एक विधवा, अखेरीस दुसरी. पहिलीचा नवरा बंबवाला. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे तो अणुभट्टीची आग विझवायला गेला आणि दोन आठवड्यांनी मॉस्कोच्या इस्पितळात वारला. त्याच्या सेवेची ती कथा वाचताना आवंढा गिळावा लागतो. २०१९ च्या पाच भागांच्या गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेनेही नेमकी हीच कथा उचलली. साहजिकच आहे. प्रेम, यातना, मृत्यू, सगळे पंधरवड्यात आटोपते. नाटककाराला आणखी काय हवे?

पण त्या रात्रीच्या तीव्र किरणोत्साराने १३४ माणसे आजारी पडली व त्यांतील २८ त्याच वर्षी दगावली. याउलट बेलारूस, युक्रेन आणि रशियाचे चार बाधित प्रांत मिळून, तेव्हा अठरा वर्षांखाली असलेल्यांत १९९१ ते २०१५ या काळात थायरॉईडच्या कर्करोगाचे १९,२३३ रुग्ण नोंदले गेले. हे सारेच किरणोत्साराचे बळी नव्हेत. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांच्या अंदाजाने सुमारे चौथा हिस्सा. म्हणजे तरीही हजारो.

हे घडले कसे, ते कोणत्याही गृहिणीला समजेल. किरणोत्सारी आयोडीन वाऱ्याबरोबर कुरणावर पडले, गाईने गवत खाल्ले, दूध पोराच्या पेल्यात आले. गळ्यातील थायरॉईड ग्रंथी आयोडीनची भुकेली. त्यातून त्या भागातल्या आहारात मुळातच आयोडीन कमी, म्हणून अधिकच. मुलाची ग्रंथी लहान, त्यामुळे तेवढाच घास तिला कितीतरी जड. या आयोडीनचे अर्धे आयुष्य अवघे आठ दिवस. दोन-तीन महिन्यांत ते नाहीसे होते. इजा मात्र चार-पाच वर्षांनी डोके वर काढते आणि पुढे दशकानुदशके काढीत राहते. १९९२ साली बेलारूसच्या डॉक्टरांनी मुलांतील ही वाढ ‘नेचर’मध्ये कळवली, तेव्हा बाहेरच्या अनेक जाणत्यांचा त्यावर विश्वासच बसेना.

माझ्या मते पुस्तकातले सर्वांत मोलाचे कथन विधवांचे नाही, वासिली नेस्तेरेन्को यांचे आहे. हे बेलारूसच्या अणुऊर्जा संस्थेचे संचालक. मुलांना तातडीने आयोडीन द्या म्हणून ते वरिष्ठांच्या पायऱ्या झिजवतात. साठा कोठारात तयार, पण लोक घाबरतील म्हणून तो तिथेच राहतो. आणि पुढे अधिकाऱ्यांच्याच ग्रंथी तपासल्या, तर त्या स्वच्छ निघतात! त्यांनी गुपचूप गोळ्या घेतल्या होत्या. नाट्य म्हणतात ते हेच नव्हे काय? पण हे कथन इतर कथनांच्या गर्दीत येते आणि जाते.

शेजारच्या पोलंडमध्ये २९ एप्रिलपासून काही दिवसांत एक कोटीहून अधिक मुलांना आयोडीनची मात्रा पाजली गेली, गाईंच्या ताज्या चाऱ्याला आवर घातला गेला. पोलंडवरचे ढग विरळ होते हे मान्य. तरी काय करता आले असते, हे त्यावरून दिसते. लेखिका मात्र चेर्नोबिलकडे मानवी बुद्धीला न उलगडणारे कोडे म्हणून पाहते, काळाचीच नवी जात म्हणून पाहते. पुस्तकाला खोली येते ती यामुळेच, आणि माझी तक्रारही याविषयीच आहे. अणूचे गूढ खरे असेल, पण दुधाच्या पेल्यात गूढ काही नव्हते. तो पेला काढून घेता आला असता. जे टळण्याजोगे होते, त्याला प्रारब्धाची छाया देऊ नये.

मालिकेने निदान गोळीची आठवण ठेवली. तिच्यातली शास्त्रज्ञ बाई अधिकाऱ्याकडून हात हलवत परत निघते आणि जाता जाता त्याच्या सेक्रेटरीच्या हाती आयोडीनच्या गोळ्यांची बाटली ठेवते. साऱ्या मालिकेतला हा मला सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो. भपका नाही, आक्रोश नाही.

लेखिकेच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पुस्तक आले तेव्हा ही मुले अजून मुलेच होती. शेवटाकडे ती समूहाने बोलतात, पण पुढचे आयुष्य त्यांना ठाऊक कुठले असणार? हा कर्करोग बहुधा मारीत नाही. ग्रंथी काढतात आणि रुग्ण जगतो. मृत्यूची कथा सांगणाऱ्या लेखणीला या जगण्याचे काय करावे ते सुचत नाही. १९८६ साली चार वर्षांची असलेली मुलगी आज चाळिशी ओलांडलेली बाई आहे. गळ्यावर शस्त्रक्रियेचा आडवा व्रण आहे. त्याला तिकडे ‘चेर्नोबिलचा हार’ म्हणतात. रोज सकाळी उपाशीपोटी ती एक गोळी घेते, ठराविक काळाने रक्त तपासून घेते, मुलांचे डबे भरते. तिचे स्वगत अजून माझ्या वाचनात आलेले नाही.