आधी कोण, शेवटी कोण?

शाळेची सहल कान्ह्याला निघाली की सगळी मुले मोजून झाल्यावर मुख्याध्यापकाने शेवटी बसमध्ये चढायचे, ही आम्हा बालाघाटच्या शिक्षकांची साधी रीत. मिखाईल कलातोझोव यांचा १९६९ चा ‘द रेड टेंट’ हा चित्रपट पाहताना याच रीतीने मला अस्वस्थ केले.

कथेचा आधार सत्य आहे. शास्त्रीय निरीक्षणांसाठी निघालेली उम्बेर्तो नोबिले यांची ‘इटालिया’ ही वायुनौका २४ मे १९२८ रोजी उत्तर ध्रुवावर पोचली आणि परतताना दुसऱ्याच दिवशी बर्फावर आदळली. सोळांपैकी दहा जण बर्फावर फेकले गेले. त्यांतील एक दगावला. उरलेल्या सहांना घेऊन हलका झालेला फुगा उडाला, तो पुन्हा दिसला नाही. हात-पाय मोडलेले नोबिले व त्यांचे सोबती एका तांबड्या तंबूत मदतीची वाट पाहत राहिले. २३ जूनला लुंडबोर्ग हा स्वीडिश वैमानिक तेथे उतरला आणि नोबिलेंनाच प्रथम घेऊन गेला. नोबिलेंच्या शोधार्थ उड्डाण केलेले अमुंडसेन मात्र कायमचे नाहीसे झाले.

वृद्ध नोबिलेंच्या घरी या प्रकरणातील माणसे जमतात आणि त्यांच्यावर खटला चालवतात, ही कल्पना चित्रपटाचे खरे बळ. पीटर फिंचचा नोबिले आरोपी आणि न्यायाधीश एकाच वेळी होतो. त्यापुढे शास्त्रज्ञ माल्मग्रेनच्या प्रेयसीचे काल्पनिक उपकथानक फिकेच वाटते.

शेवटी नोबिले कबूल करतो, की निघताना गरम पाण्याच्या स्नानाची ओढ मनात होती. आणि अमुंडसेन त्याला माणूस म्हणून समजून घेतो. प्रसंग हृद्य आहे, पण माझा आक्षेप येथेच आहे. नोबिलेंनी स्वतःचे नाव यादीत चौथे ठेवले होते. आधी जखमी चेचिओनीला न्या, असा त्यांचा आग्रह होता. लुंडबोर्गने तो मानला नाही. दुसऱ्या फेरीत त्याचेच विमान उलटले आणि तोही तेथे अडकला. उरलेल्यांची सुटका ‘क्रासिन’ या रशियन बर्फफोड्या जहाजाने १२ जुलैला केली. १९२९ मध्ये इटलीच्या चौकशी समितीने मात्र नोबिलेंनाच दोषी धरले.

क्षमा करायची तर आधी अपराध मान्य करावा लागतो. समितीने कठोरपणे जे केले, तेच चित्रपट प्रेमाने करतो. शेवटी चढण्याची आमची रीत चांगलीच आहे. पण एखादा आधी चढलेला दिसला, तर त्याला कोणी चढवले, हेही विचारायला हवे.