गुनूबाबूचा समुद्र

नीला माधब पांडा यांचा 'कडवी हवा' २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये आला. ज्यांनी पाहिला त्यांच्या लक्षात तो दुष्काळाचा सिनेमा म्हणून राहिला. बुंदेलखंडातलं कोरडं गाव, कर्जात बुडालेला मुकुंद, आणि हा पोरगा जिवाचं काही बरंवाईट करून घेईल या धास्तीनं झुरणारा त्याचा आंधळा बाप हेडू. मी परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्याचा. या तिघांपैकी दोघं आमच्याकडे कुठल्याही पारावर भेटतात. मला धरून ठेवलं ते तिसऱ्याच माणसानं, म्हणजे वसुली एजंट गुनूबाबूनं.

गुनू ओडिशाच्या किनाऱ्यावरचा. तिथं त्याचं गाव समुद्र खात चाललाय. घरच्यांना तिथून हलवायचं तर पैसा हवा, पैसा कमिशनमधून येणार, कमिशन वसुलीतून. म्हणून समुद्रानं हाकललेला हा माणूस पाण्यासाठी तडफडणाऱ्या गावातून मोटरसायकल फिरवतो आणि गाव त्याला यमदूत म्हणतं. मग हेडू या यमदूताशीच सौदा करतो. गावात कुणाच्या घरी पैसा आहे ते मी सांगतो, तू माझ्या मुकुंदाचं ओझं हलकं कर.

इतका साधा आणि इतका घाण सौदा हिंदी सिनेमानं फार क्वचित दाखवलाय. संजय मिश्रांचा हेडू तो करताना ना लाजतो ना रडतो. रणवीर शौरीचा गुनू ऐकताना मनातल्या मनात आकडेमोड करतो. दोघंही वाईट नाहीत. दोघांनाही आपापलं माणूस वाचवायचंय, आणि दोघांची वाट तिसऱ्याच कुणाच्या तरी घरावरून जाते. हवामान बदलावरच्या भाषणांमध्ये 'जुळवून घेणं' हा शब्द फार मऊ करून वापरतात. या सिनेमानं त्याचा हिशेब मांडलाय.

तो हिशेब आमच्याकडेही चालू आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला सगळे नुसतं 'पोकरा' म्हणतात, २०१८ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून राज्यातल्या पाच हजारांवर गावांमध्ये राबवला गेला. ठिबक, शेडनेट, शेततळी, रुंद सरी-वरंब्यावरची पेरणी. यातलं बरंच काही कामाचं आहे. पण पद्धत अशी, की खर्च आधी स्वतःच्या खिशातून करायचा, तपासणी झाली की अनुदान खात्यावर. माझ्यातल्या सॉफ्टवेअरवाल्याला हे डिझाइन आवडतं, मधला दलाल कापला जातो. फक्त पहिला पैसा कुठून आणायचा, हा रकाना फॉर्ममध्ये नसतो. ज्याच्याकडे तो आहे तो जुळवून घेतो. शेततळ्याचंही तसंच. प्लास्टिक अंथरलेलं तळं पावसानं भरावं अशी कल्पना, प्रत्यक्षात मराठवाड्यात पुष्कळ ठिकाणी ते विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी उपसून भरतात. जमिनीखाली जे सगळ्यांचं होतं ते एकाच्या प्लास्टिकवर येतं. हेडूचा सौदाच हा, फक्त यमदूताची गाडी दारात उभी राहत नाही.

इथपर्यंत सिनेमा मला पटतो. माझं भांडण आहे ते त्याच्या समुद्राशी.

कारण 'कडवी हवा'त समुद्र फोनवरून येतो. गुनूला घरून फोन येतात, तो अस्वस्थ होतो, आपल्याला कळतं की तिकडे काहीतरी भयंकर चाललंय. नकाशावर दोन ठिपके, इथं दुष्काळ, तिथं लाटा, आणि मधे मोबाइलची रेंज. नितीन दीक्षित यांच्या पटकथेनं दोघांना दोन वेगळी दुःखं वाटून दिली आणि त्यांना समोरासमोर बसवलं. कल्पना सुबक आहे. पण हवा अशी वाटण्या करून चालत नाही.

२६ सप्टेंबर २०२१ ला 'गुलाब' नावाचं चक्रीवादळ आंध्रात कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर चढलं. गुनूचाच तो बंगालचा उपसागर. वादळ विरत विरत पश्चिमेला सरकलं आणि पुढच्या दोन दिवसांत मराठवाड्यावर कोसळलं. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. उरलासुरला जोर अरबी समुद्रात उतरला, तिथं त्याला 'शाहीन' हे नवं नाव मिळालं आणि ते ओमानला जाऊन थडकलं. मी तेव्हा पुण्यात होतो. घरून व्हिडिओ आला होता, वावरात गुडघाभर पाणी आणि मागे आईचा आवाज, की बघ रे, तळंच झालंय. आठवड्याभरात शेंगांना कोंब फुटले. चारठाण्यापासून जवळचा समुद्र शेकडो किलोमीटर लांब, आणि आलेलं पाणी तर त्याही समुद्राचं नव्हतं, पलीकडच्या होतं.

सिनेमात शाळेचा एक प्रसंग आहे. मास्तर विचारतात ऋतू किती, एक पोरगा म्हणतो, दोनच. उन्हाळा आणि हिवाळा. पाऊस काय, चार दिवस इकडे-तिकडे पडतो. सगळा वर्ग हसतो. प्रसंग गाजला, आणि गाजण्यासारखाच आहे. पण त्या पोराच्या उत्तरानं सिनेमा स्वतःही बांधला गेला. त्यातल्या गावाला फक्त कोरडं व्हायचीच मुभा आहे. आमच्याकडे पाऊस गेलेला नाही, त्याचं वेळापत्रक बिघडलंय. जुलैमध्ये तीन आठवडे दडी मारायची, दुबार पेरणीची वेळ आणायची, आणि सप्टेंबरमध्ये एका रात्रीत हिशेब चुकता करायचा. मराठीत याला फार आधीपासून शब्द आहे, ओला दुष्काळ. हा एक शब्द या पटकथेला सापडला असता तर हेडू आणि गुनूला एकमेकांशी बोलायला फोनची गरजच पडली नसती.

आणखी एक. 'कडवी हवा'तल्या गावाला पाण्याची काही आठवणच नाही. चारठाण्यात यादवकाळातली देवळं आहेत, गोकुळेश्वराची बारव आहे. (देवळांचे फोटो इन्स्टावर भरपूर, बारवेचे त्या मानानं कमी.) बारवेच्या पायऱ्या नीट पाहिल्या की बांधणाऱ्यानं काय गृहीत धरलं होतं ते कळतं. पाणी यंदा इथं असेल, पुढच्या साली दहा पायऱ्या खाली, कधी थेट वर. सरासरी त्यानं धरलेलीच नाही. बारवेनं आज गाव तगेल असं मी म्हणत नाही, हजारो घरांची तहान वेगळीच असते. पण हेडूसारख्या म्हाताऱ्याच्या तोंडी वाऱ्याबद्दल इतकं येतं आणि एखाद्या विहिरीबद्दल अवाक्षर नाही, हे मला खटकतं.

समुद्राची थकबाकी पांडांनी नंतरच्या एका सिनेमात फेडायचा प्रयत्न केला. 'कालिरा अतीता' हा त्यांचा ओडिया सिनेमा. त्यातल्या माणसाचंही नाव गुनूच, तो बुडालेल्या गावी परततो आणि पितोबाश त्रिपाठी जवळजवळ एकट्याच्या खांद्यावर सिनेमा वाहतो. ते गाव म्हणजे केंद्रापाडा जिल्ह्यातलं सातभाया. सात भावांची सात गावं, त्यातली बहुतेक लाटांखाली. तिथल्या लोकांना सरकारनं आतल्या बाजूला बागपतिया इथं वसवलं.

पण त्या स्थलांतरात एक गोष्ट अशी घडली की मला ती दोन्ही सिनेमांपेक्षा मोठी वाटते. सातभायाची देवी पंचुबाराही. तिची पूजा पिढ्यान्‌पिढ्या कोळी समाजातल्या बायका करत आल्या, पुरुषांनी मूर्तींना हात लावायचा नाही असा दंडक. समुद्र देवळापर्यंत आला. मूर्ती टनावारी वजनाच्या, हलवायच्या तर पुरुषांचे हात लागणार. २०१८ च्या एप्रिलमध्ये पुरुषांनी त्या उचलल्या आणि नव्या देवळात नेल्या. कर्ली खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर बसलेल्या आपल्या देवबागची माणसं अजून धूपप्रतिबंधक बंधारा मागतायत. सातभायाचे लोक त्या मागणीच्या पलीकडे जाऊन पोचले होते. काय मोडायचं, कुणी मोडायचं आणि त्याला हो कुणी म्हणायचं, हे त्यांना एकत्र बसूनच ठरवावं लागलं असणार. त्या बायकांना विचारलं कसं असेल?

'कडवी हवा' तोवर येऊन गेला होता, 'कालिरा अतीता' अजून व्हायचा होता. एका सिनेमात गुनू परमुलखात एकटा, दुसऱ्यात स्वतःच्या किनाऱ्यावर एकटा. गावं उचलून नेणारी इतकी माणसं डोळ्यांसमोर असताना पांडांनी त्याला दोन्हीकडे एकटंच का ठेवलं, हे मला त्यांना विचारायचंय.