पुरुषी आवाज

कुंदगोळहून पहाटे परतताना गाडीत आम्ही पाचजणी होतो आणि पाचहीजणी गप्प होत्या. गाणं चांगलं झालं होतं. गप्प होतो त्याचं कारण निवेदकाचा एक शब्द.

हुबळीपासून कुंदगोळ वीसएक किलोमीटर. सवाई गंधर्वांचं हे गाव. त्यांच्या स्मरणार्थ नाडगीरांच्या वाड्यात दरवर्षी उत्सव होतो. आम्ही बेळगावहून दुपारीच निघालो, कारण दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं. धारवाडच्या अलीकडे झाडाखाली डबे उघडले. पुढे रात्रभर चहाचे पेले फिरत राहिले, आम्ही आपल्या पाण्यावर. शेजारच्या एक लिंगायत आजी मला दोनदा विचारून गेल्या, तब्येत बरी आहे ना म्हणून.

त्या रात्रीची दुसरी गायिका तिशीची असेल. नाव लिहीत नाही, कारण अजून तिची वाट घडते आहे. तिने शुद्ध कल्याण घेतला. हा राग खालून उभा राहतो. मंद्र सप्तकात जितकं रेंगाळाल तितका तो भरतो. तिथे घाई केलीत तर ऐकणाऱ्याला भूपच ऐकल्यासारखं वाटतं. या पोरीचा आवाज खाली इतका रुंद आणि निवांत, की मंद्र पंचमावर ती थांबली तेव्हा वाड्यातली कुजबुज आपोआप बंद पडली. पंधरा मिनिटं तिने तिथे खरं किराण्याचं काम केलं, एकेक स्वर जागेवर बसवत, मींडेतून निषाद नुसता दाखवत. मग काय झालं कोण जाणे, ती वर धावली. तार षड्जावर आवाज ताणला गेला, टाळ्या पडल्या, आणि टाळ्या पडल्या म्हणून ती पुन्हा वर गेली. खालचं घर तसंच अर्धं राहिलं.

तिचं संपल्यावर निवेदक कानडीत म्हणाला, गंगूबाईंसारखा पुरुषी आवाज आपल्याला पुन्हा मिळाला आहे. कौतुकच होतं ते. पोरीने नमस्कार केला आणि मान खाली घातली.

मला तिथेच उठून विचारावंसं वाटलं, पुरुषी कशाला म्हणता? तो आवाज बाईच्या गळ्यातून आला, मग तो बाईचाच की. शिवाय हे कोणाच्या गावात म्हणता? रामभाऊ कुंदगोळकर मराठी संगीत नाटकांत लुगडं नेसून बायकांच्या भूमिका करायचे, त्यावर लोक जीव टाकायचे, सवाई गंधर्व हे नावही त्या रंगभूमीवरचं. त्या पुरुषाने बाई साकारली ती कला झाली, आणि त्यांच्या शिष्येचा आवाज जरा खाली उतरला तर तो लगेच पुरुषांच्या खात्यात!

गंगूबाई हनगलांचा आवाज मुळात असा नव्हता. तरुणपणीच्या ध्वनिमुद्रिका ऐका, उंच आणि कोवळा आहे. गळ्यावर उपचार झाले आणि तो जड झाला. दुसरी कोणी असती तर गाणं सोडून बसली असती. या बाईंनी हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला येऊन शिकताना एकेक जागा घोटली होती, ती सगळी त्यांनी त्या जड आवाजात नव्याने बसवली. किराण्यातच हिराबाई बडोदेकर होत्या, बारीक, गोड आवाजाच्या. त्यांना कोणी बायकी म्हणून बाजूला ठेवलं नाही, ठेवायलाही नको. पण गंगूबाईंचं मोठेपण सांगताना मात्र पुरुषाचं माप लागतं.

माझं मत विचाराल तर त्या पोरीची घाई याच मापातून आली. आवाज खाली लागतो याचा तिला अजून थोडा संकोच आहे. वर जाऊन दाखवलं की आपण बाई ठरतो, असं काहीतरी तिच्या गळ्यात बसलं असावं. माझ्या बसलं होतं, म्हणून म्हणते.

आमच्या मंदिरात पूजेला पेटीवर अक्का असतात. त्या काळी पाच धरतात, आणि ती पट्टी त्यांच्या सासूबाईंपासून चालत आलेली. माझा गळा पांढरी तीनचा. लग्न होऊन आले त्या पहिल्याच दशलक्षणात स्तवन म्हणताना मी सवयीने एक सप्तक खाली म्हटलं, तर मागून कोणीतरी हसून म्हणालं, सूनबाईत एक भाऊजी बसलेत वाटतं. वाईट हेतू नव्हता. पण त्यानंतर सव्वीस वर्षं मी नुसते ओठ हलवले. गाणं ऐकायला मैलोनमैल गेले, स्वतः मात्र म्हटलं नाही.

गाडीत हे मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले. तेव्हा कळलं, मागच्या सीटवरच्या दोघीही काळी पाचला नुसते ओठच हलवतात.

पुढच्या रविवारी पूजेआधी मी अक्कांना म्हटलं, "अक्का, आज पांढरी तीन घ्या की जरा." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कुणासाठी गं?" "माझ्यासाठी." त्यांनी काही न बोलता बोट सरकवलं.

आम्ही तिघी म्हणालो. आवाज थोडे फाटले, माझा सगळ्यात जास्त. मात्र पाठशाळेच्या लहान मुलींना खालचे स्वर काही केल्या लागेनात, त्या एकमेकींकडे बघत गप्प उभ्या राहिल्या. शेवटच्या आरतीला अक्कांनी आपण होऊन पांढरी पाच लावून बघितली. त्यातही दोन मुली अडल्या. येत्या रविवारी आणखी शोधायचं ठरलंय.