कोरड्या सामन्यांचे गणित

बर्फावरच्या हॉकीच्या समालोचनात एक वाक्य हमखास कानावर पडते : अमुक खेळाडू दहा सामने कोरडा आहे, त्याचा आत्मविश्वास गेला. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाक्य खोडून काढणे फार सोपे वाटे.

नॅशनल हॉकी लीगच्या ८२ सामन्यांच्या हंगामात ३० गोल करणारा म्हणजे चांगलाच खेळाडू. त्याचे कौशल्य रोज अगदी सारखे राहते असे धरून प्वासाँचे सूत्र लावले, तर एखाद्या सामन्यात त्याचा एकही गोल न होण्याची शक्यता ६९ टक्के निघते. आणि हंगामात कुठेतरी सलग दहा सामने कोरडे जाण्याची? ४७ टक्क्यांच्या आसपास! मन खचलेले असो वा नसो, अशा दर दोघांतल्या जवळजवळ एकावर हा दुष्काळ येतोच. समालोचक मात्र त्यामागे कथा रचतो.

१९८५ साली गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की यांनी बास्केटबॉलच्या नोंदी तपासून ‘हात तापणे’ हा भास असल्याचे मांडले. मी तो निबंध वर्षानुवर्षे वर्गात मोठ्या खुशीत शिकवला.

तिथेच मी फसलो. २०१८मध्ये मिलर आणि सानहुर्हो यांनी त्या मोजणीतलीच खोट दाखवली. नाणे तीनदा उडवा. छाप्यानंतर पुन्हा छापा किती वेळा आला, याचे प्रमाण प्रत्येक शक्य क्रमासाठी काढा. पहिल्या दोन फेकींत छापा असलेले क्रम सहा. त्यांच्या प्रमाणांची सरासरी निम्मी येत नाही, ५/१२ येते. नाणे निर्दोष, तरीही! छोट्या मालिकांत ही पद्धत सातत्य कमीच दाखवते. मी कागदावर आठही क्रम मांडून पाहिले, तेव्हा कुठे पटले.

हॉकीत तर अडचण आणखी मोठी. गोल इतके विरळ, की आपल्या खेळाडूची क्षमता दहा सामन्यांपुरती खरोखर निम्मी झाली, तरी अपेक्षित गोल ३.७ वरून १.८ वर येतात. एवढा फरक नशिबाच्या चढउतारात सहज बुडतो. म्हणजे ‘फॉर्म गेल्याचा पुरावा नाही’ आणि ‘फॉर्म गेलेला नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. माझ्या व्यवसायातली मंडळी (मीही) ती सर्रास एक मानत आली.

शिवाय प्रशिक्षक गप्प बसत नाही. कोरड्या खेळाडूला तो पहिल्या फळीतून चौथीत टाकतो, पॉवर प्लेवरून उतरवतो. बर्फावरचा वेळ घटला की गोलही घटणारच. आधी आलेला दुष्काळ दैवाचा असेल. नंतरचा प्रशिक्षकाने आणलेला. नोंदवहीत दोन्ही शून्ये सारखीच दिसतात.

त्यामुळे मी आता गोलांआधी गोलच्या दिशेने मारलेले फटके पाहतो, तेही बर्फावरच्या दर मिनिटामागे. साधारण दहा फटक्यांत एक गोल होतो, म्हणजे मोजायला दसपट सामग्री मिळते. फटके पूर्वीइतकेच असतील, तर त्याला चौथ्या फळीत टाकणे मला अन्याय वाटतो. ते घटले असतील, तर आधी त्याचे मनगट तपासावे.